सी-३३ : रंगकामाच्या परवान्याची नोंदवही

५ जानेवारी २०२५, रविवार. फ्रीमाँट

एक तारखेपासून कॅलिफोर्नियात विनापरवाना कामाची मर्यादा पाचशे डॉलरवरून हजारावर गेली. ओळखीच्यांचे अभिनंदनाचे मेसेज आले, जणू माझा पगार वाढला. मर्यादा वाढली खरी, पण अटी वाचल्या तर फारसं काही हाती लागत नाही. सामान आणि मजुरी मिळून हजाराच्या आत, कामाला बांधकामाचं परमिट लागता कामा नये आणि हाताखाली एकही माणूस घ्यायचा नाही. मोठ्या कामाचे तुकडे पाडून वेगवेगळी बिलंही चालत नाहीत. म्हणजे एकट्याने एखादी बेडरूम, झालंच तर कुंपणाचं फाटक.

सनीव्हेलच्या एका कुटुंबाला अख्खं घर बाहेरून रंगवून हवंय. त्यांना दिवाळीपासून ‘बघू’ म्हणतोय. आता बघून झालं, सी-३३ काढायचाच.

परवाना देणारं बोर्ड सॅक्रामेंटोत आहे, १९२९ पासून. सी-३३ म्हणजे रंगकाम आणि सजावट. रंग, वॉर्निश, स्टेन, शेलॅक, वॉलपेपर, टेक्श्चर आणि त्याआधीची खरवडणी-घासणी हे सगळं त्यात येतं. परीक्षा दोन. एक रंगकामाची, दुसरी कायदा आणि धंद्याची. पहिलीचं मला भय नाही. मी माटुंग्याच्या यूडीसीटीत (आताची आयसीटी) सरफेस कोटिंग शिकलो, रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो आणि इथे आल्यावर गेली काही वर्षं रोज शिडीवर आहे. दुसरीचं पुस्तक बोर्डाच्या साइटवरून फुकट उतरवून घेतलं आणि पानसंख्या बघून चहा टाकला.

वही ठेवायची सवय माटुंग्याचीच. तारीख टाकायची, केलं ते लिहायचं.

१८ जानेवारी, शनिवार

अर्जातला सगळ्यात चिवट कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. गेल्या दहा वर्षांतली किमान चार वर्षं ‘जर्नी लेव्हल’चं काम दाखवावं लागतं. देखरेखीशिवाय एकट्याने काम उरकणारा गडी तो या पातळीचा. शिकाऊ म्हणून डबे धुतले ती वर्षं धरत नाहीत. पदवीचं श्रेय मिळू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत, पण किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं हवंच. माझी चार वर्षं शिडीवरच भरतात, त्यामुळे माटुंग्याची गुणपत्रिका फायलीतच राहू दिली.

दाखल्यावर सही कुणाची? ज्याने तुमचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्याची. मालक, फोरमन, सोबतचा कारागीर, दुसरा कंत्राटदार, कुणीही चालतं. पण सही शपथेवर आहे. खोटं निघालं तर सही करणारा अडकतो. आधीच्या ठिकाणचा मालक फोन उचलत नाही. त्याच्या दृष्टीने परवाना काढणारा जुना कामगार म्हणजे उद्याचा स्पर्धक. तिथला फोरमन मात्र मेक्सिकोतल्या साकातेकासहून आलेला, तोंडाने कमी बोलणारा माणूस, त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून रकान्यात काय लिहायचं ते मलाच विचारलं. मी म्हटलं, जे पाहिलंत ते. त्याने लिहिलं : घासणी, लांबी, प्रायमर, स्प्रे, ब्रश, लाकडाचं फिनिशिंग, माणसांना काम वाटून देणं. शेवटचं माझ्या लक्षातही आलं नसतं, आणि बोर्डाला नेमकं तेच हवं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

अर्ज टपालात. फी ४५० डॉलर. परवाना मंजूर झाला की आणखी २००, एकट्या मालकाचा धंदा असेल तर.

९ फेब्रुवारी, रविवार

आज हिशेब. एका गॅलनमध्ये किती भिंत होते, हा प्रश्न येणार म्हणजे येणारच.

इथे सगळे १६०४ हा आकडा पाठ करतात. कुठून आला ते कुणी सांगत नाही, म्हणून मांडून पाहिला. अमेरिकन गॅलन म्हणजे २३१ घन इंच. तो एक मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढ्या जाडीने पसरला तर २,३१,००० चौरस इंच होतात. १४४ ने भागा, १६०४ चौरस फूट. पण हे रंगातला थेंबही उडून गेला नाही तर. भिंतीच्या रंगात घन भाग आकारमानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास धरला आणि सुकल्यावर १.६ मिल जाडी हवी असेल, तर १६०४ गुणिले ०.४० भागिले १.६. उत्तर ४०१. डब्यावर ‘साधारण ४०० चौरस फूट’ छापलेलं असतं ते असं.

ओल्या रंगाची जाडी मग किती? १.६ भागिले ०.४०, म्हणजे चार मिल. दातेरी गेज ओल्या रंगात टेकवलं की कळतं. आमच्याकडे ते गेज गाडीत आहे, वापरताना मात्र कुणी दिसत नाही.

माटुंग्याला हेच आम्ही मीटर-मायक्रॉनमध्ये करायचो : घन भागाची टक्केवारी गुणिले दहा, भागिले सुक्या थराचे मायक्रॉन. चाळीस दाहे चारशे, भागिले चाळीस मायक्रॉन, दहा चौरस मीटर लिटरला. तोंडी होतं. फूट-गॅलनमध्ये कॅल्क्युलेटर लागतो. परीक्षा फूट-गॅलनमध्येच आहे, कुरकुर करून उपयोग नाही.

मग खोली. १२ बाय १५, उंची ८. परीघ ५४, भिंती ४३२ चौरस फूट. दोन हात मारायचे म्हणजे ८६४, भागिले ४००, सव्वादोन गॅलनला थोडं कमी. दारं-खिडक्या वजा करायच्या का? परीक्षेत प्रश्न सांगेल तसं. प्रत्यक्षात मी लहान खिडकी कधीच वजा करत नाही. तिथे रंग वाचतो, पण कडेने कटिंग मारायला जो वेळ जातो तो भिंतीपेक्षा जास्त असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाऊस, बाहेरचं काम बंद. पृष्ठभागाच्या तयारीचा भाग दिवसभर.

रंग का निघाला हे ओळखता आलं पाहिजे, हा या भागाचा गाभा. हात लावला की खडूसारखी पूड येते, तो रंगाला धरून ठेवणारा बाइंडर उन्हाने खाल्लेला. धुवायचं, पूड बसवणारा प्रायमर, मगच रंग. विटेवर किंवा स्टकोवर (बाहेरच्या सिमेंटी गिलाव्यावर) पांढरे क्षार उमलले, तर दोष रंगाचा नाही, आतून पाणी येतंय. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय वर काहीही फासा, पुढच्या पावसाळ्यात तेच. सुसरीच्या पाठीसारख्या भेगा म्हणजे जुन्या ऑइल पेंटचे थरावर थर, कडक होऊन ताणले गेलेले. तिथे लांबी भरून भागत नाही, खरवडूनच काढावं लागतं. काळे डाग बुरशी की मळ, हे कळायला ब्लीचचा थेंब पुरतो. फिकटला तर बुरशी. रेडवुड आणि सीडरमधून तपकिरी डाग वर येतात, ते लाकडातलं टॅनिन. डाग अडवणारा प्रायमर नसेल तर पांढरा रंग चहा सांडल्यासारखा दिसतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर सरळ ऑइल पेंट का नको, हा प्रश्न मला आवडला. जस्त आणि तेलातली आम्लं मिळून साबण तयार होतो, आणि साबणावर रंग कसा टिकणार? वर्षा-दीड वर्षात पापुद्रे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावरही तसंच, तिथे अल्कली जास्त असते. हे मला लॅबमध्ये सूत्रासकट शिकवलं होतं. शिडीवरच्या लोकांना ते सूत्राशिवाय ठाऊक असतं आणि त्यांचा पत्रा माझ्याइतकाच टिकतो.

ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पत्र्यांच्या भिंतीच्या, फिनिशच्या पातळ्या शून्य ते पाच. पाचवी म्हणजे अख्ख्या भिंतीवर पातळ लांबीचा हात. चकाकणारा रंग किंवा खिडकीतून तिरका उजेड येणार असेल तर पाचवीच मागायची. ग्राहक चौथीचे पैसे देतो आणि पाचवीची भिंत मागतो. हे पुस्तकात नाही.

१ मार्च, शनिवार

शिशाच्या रंगाचा आठ तासांचा वर्ग. हे राज्याचं नव्हे, केंद्राच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र. पण प्रश्न त्यावरही येतात, आणि सनीव्हेलचं घर आयक्लर या बिल्डरचं आहे, १९५० ते ६० च्या दशकांत या भागात बांधलेल्या त्या सपाट छपराच्या, उभ्या खोबणींच्या फळ्यांच्या घरांपैकी. घरगुती रंगात शिसं १९७८ मध्ये बंद झालं. त्याआधीच्या घरात रंग खरवडायचा तर हा नियम लागू : आत एका खोलीत सहा चौरस फुटांहून जास्त, बाहेर वीस चौरस फुटांहून जास्त. खिडक्या बदलायच्या तर मोजमापाचा प्रश्नच नाही, नियम लागूच.

ज्वाळेने रंग जाळायचा नाही. हीट गन अकराशे फॅरनहाइटच्या वर न्यायची नाही. यंत्राने घासायचं तर हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम जोडूनच. आत कामाच्या कडेपासून सहा फुटांपर्यंत प्लास्टिक, बाहेर दहा फुटांपर्यंत. घरमालकाला शिशाची माहितीपुस्तिका आधी द्यायची, सही घ्यायची, कागद तीन वर्षं जपायचे.

दुपारी प्रत्यक्ष सराव. एका खोट्या भिंतीपुढे आम्ही चौघांनी प्लास्टिक अंथरलं, कडा टेपने बंद केल्या, पाण्याचा फवारा मारत रंग खरवडला, मग प्लास्टिक आत घडी घालत गुंडाळलं. शेवटची पायरी बघण्यासारखी. ओल्या पांढऱ्या फडक्याने खिडकीची चौकट पुसायची आणि फडकं एका छापील कार्डाशेजारी धरायचं. कार्डावरच्या करड्या छटेपेक्षा फडकं गडद असेल तर पुन्हा साफसफाई. फरशी पुसायची ती जास्तीत जास्त चाळीस चौरस फुटांचे भाग करून, प्रत्येक भागाला नवं फडकं. आमचं पहिलं फडकं कार्डाच्या काठावर होतं. शिकवणाऱ्या बाईंनी खिडकीजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुमचं रांगतं मूल या फरशीवर ठेवाल?’ चौघांपैकी कुणी वाद घातला नाही. पुन्हा पुसलं.

भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती २०१६ च्या नियमांनी, लागू नोव्हेंबर २०१७ पासून. इथेही २००९ पासून आकडा तोच, ९०. म्हणजे नवीन डब्यापुरते दोन्ही देश एका ओळीत. जुन्या भिंतींचं काय? आमच्या दादरच्या चाळीत दर दिवाळीला दाराचा ऑइल पेंट कोरडा घासून काढायचे आणि आम्ही पोरं तिथेच खेळायचो. वर्गातून येताना तेच डोक्यात होतं.

९ मार्च, रविवार

आता कायदा. आगाऊ रकमेचा नियम दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा खरा वाटेना. घराच्या कामासाठी इसार घ्यायचा तो कंत्राटाच्या दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. सहा हजारांचं काम, सहाशे. चौदा हजारांचं काम, हजार. चाळीस हजारांचं असलं तरी हजारच. त्यानंतरचे हप्तेही झालेल्या कामाच्या आणि आलेल्या मालाच्या पुढे पळता कामा नयेत.

कोल्हापूरच्या मामांना फोन केला. मामांनी उभी हयात रंगाची कंत्राटं घेतली.

‘मामा, इथं दहा टक्क्यांच्या वर इसार घेतला तर कायदा मोडतो.’

‘दहा टक्के? अरे, त्यात डबे तरी येतात का? मी निम्मे घेतल्याबिगर शिडी लावत नव्हतो.’

‘दुकानात उधारीचं खातं उघडायचं.’

‘आणि शेवटचे पैसे? ते कोण देतंय?’

त्याचं उत्तर पुढच्या प्रकरणात आहे, म्हटलं वाचून सांगतो.

कराराचंही बरंच आहे. पाचशे डॉलरच्या वरचं घराचं काम लेखी हवं. अक्षर किमान दहा पॉइंट. काम साधारण कधी सुरू, कधी संपणार, हप्ते किती, सगळं त्यात. ग्राहकाला तीन दिवसांत करार मोडायची मुभा, आणि तो पासष्ट वर्षांचा किंवा त्यापुढचा असेल तर पाच दिवस. ती मुदत सांगणारा कागद त्याच्या हातात दिलाच पाहिजे. माझी निम्मी गिऱ्हाइकं आयटीतल्या पोरांचे भारतातून आलेले आईवडील घरी असतात तेव्हा ठरतात. रंग आई निवडते, सही मुलगा करतो. तरी पाच दिवसांचा कागद छापून ठेवणार.

१५ मार्च, शनिवार

अर्ज स्वीकारल्याचं पत्र आलं. आता बोटांचे ठसे, राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे. स्वीकारल्यापासून दोन्ही परीक्षा पार करायला अठरा महिने असतात. रंगाने भरलेली नखं आणि यंत्र यांचं जमेना, ठसे घेणाऱ्याने तीन वेळा हात धुवायला लावले.

२३ मार्च, रविवार

मामांच्या प्रश्नाचं उत्तर : मेकॅनिक्स लीन. ज्याच्या घरावर घाम गाळला त्याने पैसे बुडवले, तर कंत्राटदार त्या मालमत्तेवरच बोजा नोंदवू शकतो. मग घर विकताना किंवा कर्ज काढताना तो बोजा आडवा येतो. पण तारखा चुकल्या की हक्क गेला. मालकाशी थेट करार असेल आणि त्याने काम पुरं झाल्याची नोटीस नोंदवली, तर त्यापासून साठ दिवस. पोटकंत्राटदाराला तीसच. नोटीस नोंदवलीच नाही तर काम संपल्यापासून नव्वद दिवस दोघांनाही. बोजा नोंदवल्यावर नव्वद दिवसांत दावा टाकायचा, नाहीतर तो नुसता कागद. पोटकंत्राटदाराने आणि मालपुरवठादाराने त्याआधी, काम सुरू केल्यापासून वीस दिवसांत, प्राथमिक सूचना पाठवलेली हवी.

यामुळे रंगाचं दुकान उधारी का देतं तेही समजलं. मी बुडवले तर दुकानदार ग्राहकाच्या घरावर बोजा ठेवू शकतो. म्हणून शहाणा ग्राहक शेवटचा चेक देताना दुकानाकडूनही बोजाचा हक्क सोडल्याची चिठ्ठी मागतो.

मामांना सांगितलं. बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग, ‘आपल्याकडं पायजे हुतं हे,’ आणि लगेच एका बिल्डरचा उद्धार, तो इथे लिहीत नाही.

पण लीन असो की साधा दावा, परवाना असेल तरच. परवाना लागणारं काम परवान्याशिवाय केलं तर पैसे मागायला कोर्टात उभंच राहता येत नाही. काम कितीही चोख असो. उलट मालक दिलेले पैसे परत मागू शकतो, वापरलेल्या रंगासकट सगळे. कामाच्या मधेच परवान्याची मुदत संपली तरी गोत्यात. जानेवारीत ‘हजाराची सवलत’ म्हणून आनंदलेल्या दोघांना हे पान पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसरा अर्जाचा नमुना मागतोय.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी बाल्कनीत, मी गॅरेजमध्ये. वॉलपेपर हा माझा कच्चा भाग, कारण आमच्या कंपनीला त्याची कामं येतच नाहीत. ड्रायवॉलचे दोन पत्रे काटकोनात उभे करून कोपरा तयार केला.

वाचलेलं हाताखाली घालायचं म्हणजे असं : कागदाच्या पाठीला खळ लावली की दोन्ही टोकं मधे दुमडून, घडी न मोडता काही मिनिटं ठेवायचा. तेवढ्यात कागद ओलावा पिऊन फुगतो. घाई केली तर तो भिंतीवर फुगतो आणि बुडबुडे येतात, नाहीतर सुकताना जोड उघडतात. पहिली पट्टी खोलीच्या कोपऱ्याला समांतर नाही, ओळंब्याला समांतर. कोपरे कुठल्याच घरात सरळ नसतात. आतल्या कोपऱ्यात अख्खी पट्टी वळवायची नाही. बोटाच्या पेराएवढी पलीकडे जाऊ द्यायची, तिथे कापायची आणि पलीकडच्या भिंतीवर पुन्हा ओळंबा सोडून नवी सुरुवात. नक्षी कुठेतरी तुटणारच, ती दाराच्या मागे तुटेल असं आधीच योजायचं. सगळ्या रोलांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, तेही कापण्याआधी.

हिने श्रीखंडाची वाटी घेऊन येऊन कोपरा पाहिला. ‘फुलं अर्धी इकडे अर्धी तिकडे झालीत.’ म्हटलं, तिथे दार येणार आहे. ‘गॅरेजला?’

१२ एप्रिल, शनिवार

सुरक्षितता. रोजचंच असल्यामुळे कंटाळवाणं, पण आकडे विचारतात म्हणून लिहून काढले. शिडी चारास एक : टेकते तिथली उंची सोळा फूट, तर पाय भिंतीपासून चार फुटांवर. छपरावर उतरायचं तर शिडी कडेच्या वर तीन फूट. उन्हात माणशी ताशी एक क्वार्ट (पाव गॅलन) पाणी. ऐंशी फॅरनहाइटला सावली उभी केलीच पाहिजे, पंचाण्णवला बांधकामावर जादा नियम. दर दहा कामाच्या दिवसांत एकदा तरी माणसांना गोळा करून सुरक्षिततेची बैठक. गंभीर अपघात झाला तर ताबडतोब कळवायचं, आठ तासांच्या आत.

एअरलेसचं, म्हणजे नुसत्या दाबाने रंग फवारणाऱ्या यंत्राचं, मात्र सविस्तर वाचलं. टिपवर ५१७ असेल तर पहिल्या आकड्याची दुप्पट, म्हणजे बारा इंचांवरून मारल्यास दहा इंच रुंद पट्टा, आणि भोक ०.०१७ इंचाचं. हा प्रश्न हमखास. पण त्याच यंत्रात रंगावर दोन-तीन हजार पीएसआय दाब असतो. बोट टिपपुढे आलं तर रंग कातडीतून आत शिरतो. वरून फक्त लाल ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. तडक इस्पितळ, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे, सोबत रंगाच्या डब्यावरची माहिती. आमच्या गटातल्या नव्या पोराला सोमवारी हे सांगितलं. तो टिप अडकली की बोटाने पुसत होता. दाब उतरवल्याशिवाय टिपला हात लावायचा नाही, एवढं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप पेट घेतात, तेव्हा झाकणाच्या लोखंडी डब्यात, पाण्यात बुडवून.

२० एप्रिल, रविवार

दरपत्रक. खर्च आठ हजार, वीस टक्के नफा हवा. खर्चावर वीस टक्के चढवले तर नऊ हजार सहाशे. विक्रीच्या वीस टक्के नफा हवा असेल तर आठ हजार भागिले ०.८०, म्हणजे दहा हजार. चारशे डॉलरचा फरक, आणि अनेक चांगले कारागीर याच चारशेत धंद्याला बसतात. गाडीचं पेट्रोल, विमा, दरपत्रक द्यायला घातलेले शनिवार, हे खर्चात धरायचं की नफ्यातून काढायचं हेही त्यांना ठाऊक नसतं.

कामगारांचा भाग नीट केला. दिवसाला आठ तासांच्या वर दीडपट. रोखीने रोजंदारी देऊन ‘तो स्वतंत्र कंत्राटदार आहे’ म्हणायची पळवाट इथे जवळजवळ बंद आहे. परवाना लागणारं काम ज्याच्याकडून करून घेता त्याच्याकडे स्वतःचा परवाना नसेल, तर तो तुमचा नोकर. नोकर आला की विमा आला. एकटाच असेन तोवर कामगार विम्यातून सूट घेता येते, तसा अर्ज आहे.

सी-३३ वाल्याने काय करायचं नाही, तेही पाहून ठेवलं. रंगाआधी भेगा-खळगे भरणं आपल्या कामाचा भाग. अख्खी भिंत नव्या ड्रायवॉलची करायचं स्वतंत्र काम दुसऱ्या वर्गाचं. आणि जुन्या घरांतली लाह्यांसारखी दिसणारी छतं, त्यांत अॅसबेस्टॉस असू शकतं. तपासल्याशिवाय खरवडायची नाहीत. निघालं तर ते काम वेगळ्या परवान्याच्या माणसाचं.

२९ एप्रिल, मंगळवार

दोन्ही परीक्षा एकाच दिवशी, सॅन होजेत. खिसे रिकामे, घड्याळ बाहेर, संगणकापुढे बसायचं, चार पर्यायांतला एक. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही.

रंगकामाच्या पेपरात मला वाटलं होतं त्यापेक्षा रंग कमी आणि क्रम जास्त. आधी काय कराल, मग काय कराल. दोन पर्याय बरोबरच वाटतात, कारण दोन्ही करायचेच असतात. विचारलेलं असतं पहिलं कुठलं. तिथे माटुंगा कामाला आलं नाही, तो साकातेकासचा फोरमन आला. काम हातात घेताना तो आधी भिंतीभोवती एक फेरी मारतो, मग बोटाने घासतो, मग डबा उघडतो.

कायद्याच्या पेपरात बसून साठ-तीस-नव्वद करत राहिलो. इसाराचा प्रश्न वाचताना मामांचा आवाज ऐकू येत होता.

दोन्ही पास. किती गुण, ते सांगत नाहीत. नापास झालात तर कुठल्या भागात कसे होतात याचा कागद मिळतो, पास झालात तर नुसतं पास. मला दोन-तीन प्रश्नांची उत्तरं जाणून घ्यायची होती. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, तसं काही मिळत नाही, पुढचा माणूस थांबलाय.

१० मे, शनिवार

उरलेले कागद : पंचवीस हजारांचा बाँड. २०२२ अखेरपर्यंत तो पंधरा हजारांचा होता. एवढे पैसे भरायचे नसतात, हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाचा हप्ता द्यायचा. तो ग्राहकासाठी असतो, माझ्यासाठी नाही. कंपनीने ग्राहकाला दिले तर ते माझ्याकडून वसूल करणार. अॅसबेस्टॉसची पुस्तक उघडून द्यायची छोटी परीक्षा काल रात्री संपवली. कामगार विम्यातून सूट मिळण्याचा अर्ज भरला. २०० डॉलर भरले.

व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याला थांबवून ठेवलंय, कारण कार्ड, करार, जाहिरात सगळीकडे परवान्याचा क्रमांक लागतो आणि तो अजून यायचाय.

सनीव्हेलला संध्याकाळी जाऊन आलो, मोजमापापुरता. दक्षिणेकडच्या फळ्यांना पूड सुटलीय, गाडीच्या छपराखालचा रंग जुना आणि जाड, म्हणजे शिशाची चाचणी आधी. काकू म्हणाल्या, ‘रंग तोच ठेवायचा, फक्त दार पिवळं.’ काकांनी विचारलं, आगाऊ किती देऊ? म्हटलं, आज काहीच नाही, नंबर आल्यावर करार आणतो, तेव्हा हजार. तुम्ही दोघं पासष्टच्या पुढचे, सही केल्यावरही पाच दिवस विचार करायला आहेत.

‘पाच दिवसांत ही दाराचा रंग पाच वेळा बदलेल,’ काका म्हणाले. ते करारात घालावं लागेल : दाराच्या रंगाचा बदल लेखी, दोघांच्या सहीने, काम सुरू होण्याआधी.